पक्कड आणि रोजची सुई

आमच्या मोठ्या दिरांना बाजारात पक्कड म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण ज्यानं ठेवलं त्याचं भलं होवो. एकदा एखादी गोष्ट या माणसाच्या हातात आली की सुटत नाही, मग ती दुकानाची किल्ली असो की दुसऱ्याची चूक. तोंडावर मी त्यांना भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. इथे मात्र एकेरीत बोलणार. तेवढंच बरं वाटतं.

आमचं दुकान शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं. नव्या मशीनचे भाग कुठेही मिळतात, आम्ही जुन्यांचे ठेवतो. दुकान बोळासारखं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यायचं. दोन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत लहान लहान खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाला आतल्या मालाचा एक नमुना तारेनं बांधलेला. बॉबिन, शटल, पट्टा, स्प्रिंग. चिठ्ठ्या नाहीत. सासऱ्यांना वाचायला त्रास व्हायचा म्हणून त्यांनी ही सोय केली होती. मागे पडदा, पडद्यामागे माझा नवरा. तो मशीन दुरुस्त करतो आणि कुणाशी भांडत नाही. या दोन्ही गोष्टींत तो पटाईत आहे, आणि दुसरीनं माझं आयुष्य नासवलं.

पक्कड शाळा अर्धी सोडून दुकानात आला. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा धाकट्याला शिकू दे म्हणून हा गल्ल्यावर बसला. हे तो इतक्या वेळा ऐकवतो की मला पाठ झालंय. लग्न केलं नाही. का, ते मला विचारू नका. मुलगी बघायला गेला तिथे म्हणे यानं त्यांच्या घरातला चालू पंखा बंद केला, 'कुणी बसलेलं नाही तिकडे' म्हणून. आमच्याकडेही तेच. गिऱ्हाईक पायरी उतरलं की दिवा बंद. चहा अर्धा कप, पण दुसऱ्याच्या कपात किती आहे ते वाकून बघायचं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशी जात.

कोपऱ्यावर एक म्हाताऱ्या मावशी राहतात, लोकांचे फाटके कपडे शिवून देतात. त्या कधीमधी यायच्या. "एक सुई दे रे बाबा, मोडली."

"सुटी मिळत नाही. पाकीट घ्यावं लागेल."

"दहा सुया घेऊन काय करू? डोळ्यांत घालू?"

"पाकीट फोडलं तर उरलेलं कोण घेणार?" हा याचा हिशेब. मावशी बिचाऱ्या परत जायच्या, आणि माझा जीव तळतळायचा. एकदा मी पदरच्या पैशानं पाकीट घेऊन त्यांच्यामागे धावले. परत आले तेव्हा पक्कड म्हणाला, "दानधर्म करायला फार आहे वाटतं तुमच्याकडे."

आणि हाच माणूस रोज सकाळी स्वतः एक सुटी सुई घ्यायचा! हीसुद्धा सासऱ्यांची रीत. दुकान उघडलं की ते स्वतःच्या खिशातलं नाणं गल्ल्यात टाकायचे, सोळा नंबरची एक सुई घ्यायचे आणि सदऱ्याच्या कॉलरीत टोचायचे. गल्ला रिकामा ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघू नये, असं त्यांचं म्हणणं. आपणच आपली भवानी करायची. सासरे गेले, नाणं आणि सुई पक्कडकडे आली. त्यासाठी एक पाकीट कायम फोडलेलं असायचं, पण त्यातली सुई मावशींना नाही. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दुकान मरायला टेकलं होतं तेव्हा ते ऑनलाइन मीच नेलं. हे कुणी मान्य करो न करो, मीच नेलं. फोनवर फोटो काढले, एकेका भागाशेजारी पट्टी ठेवून माप दाखवलं, कुठल्या मशीनला कुठलं शटल बसतं ते नवऱ्याला विचारून विचारून लिहिलं. पक्कड म्हणाला, "असली थेरं करून सुया विकल्या जात नाहीत." पहिल्या महिन्यात लांबलांबच्या गावांतून मागण्या आल्या. आजीचं मशीन चालू झालं म्हणून एका बाईनं मला रडत फोन केला. मग पक्कड म्हणायला लागला, "आपण ऑनलाइन गेलो." आपण! मला एवढंच हवं होतं की दुकानाच्या कागदावर माझंही नाव लागावं. दोन्ही भावांची नावं होती, तिसरं लावायला शाई थोडीच संपणार होती. पण मागायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, आधी कामाचा उजेड पडू दे.

तेव्हा माल घरपोच दिल्यावर पैसे घ्यायचे, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. तो नुसता वैताग. माणूस शटल मागवायचा, पार्सल दारात गेलं की 'नको' म्हणायचा, जायचा-यायचा खर्च आमच्या डोक्यावर. कार्डानं आगाऊ पैसे घ्यायला हवेत हे आंधळ्यालाही दिसत होतं. त्यासाठी पेमेंट गेटवे लागतो. गिऱ्हाइकाच्या कार्डातून पैसे उचलून आपल्या खात्यात टाकणारा मधला माणूस म्हणा ना. मधला आला की त्याची दलाली आली.

मी दोन गेटवे शोधले. एक आमच्या बँकेचा. कागद ढीगभर, दलाली जास्त, पण बँकेत एक मॅडम बसतात, जाऊन विचारता येतं. दुसरा एका बाहेरच्या कंपनीचा. बसल्या जागी खातं उघडतं आणि दलाली अर्धा टक्का कमी. त्यांचा टायवाला विक्रेता दुकानात येऊन गेला, पक्कडला 'सर' म्हणाला. झालं! जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "काही अडलं तर यांचा माणूस कुठे भेटणार? मी बघितलंय, लोकांनी काय काय लिहिलंय. संशय आला की पैसे अडकवून ठेवतात, आणि फोन उचलायला कुणी नसतं."

"संशय चोरावर येतो. आपण चोर आहोत का?"

"तसं नाही. पण बँकेत तोंड दिसतं माणसाचं."

"तोंड बघायला अर्धा टक्का द्यायचा? वर्षाचे किती होतात, केलाय हिशेब?"

"पैसे अडकले तर किती होतील, तो तुम्ही केलाय का?"

पडद्यामागचं ठोकणं थांबलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, पायरीवर पार्सलवाला. पक्कड उठला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं माझ्याकडे बघून म्हणाला, "तू एवढं बोलतेस, पण तुझं काय आहे या दुकानात?"

मी पडद्याकडे बघितलं. नवऱ्यानं बाहेर यावं, एक शब्द बोलावा. ठोकणं पुन्हा सुरू झालं. घरी गेल्यावर म्हणतो, "जाऊ दे गं, त्याचा स्वभावच तसा." स्वभावाला औषध नसतं हे मलाही माहीत आहे, पण माणसाला तोंड असतं ना! त्या दिवसापासून पक्कडशी माझं बोलणं कामापुरतं. मनात मात्र मी रोज त्याला उभा-आडवा फाडत होते.

खातं उघडलं ते बाहेरच्या कंपनीत. अटींची भली मोठी गुंडाळी स्क्रीनवर आली, पक्कडनं ती न वाचता बोटानं सरकवत नेली आणि 'मान्य आहे' दाबलं. पैसे येऊ लागले, दोन दिवसांत खात्यात. पक्कड मला ऐकू जाईल अशा बेतानं नवऱ्याला म्हणाला, "काही लोकांना उगाच भीती."

आता गंमत ऐका. गल्ला आता काउंटरवर नव्हता, स्क्रीनवर होता. सकाळी संगणक चालू केला की वर मोठ्या आकड्यात दिसायचं: आजची विक्री शून्य. हे शून्य पक्कडला सहन होईना. ओल्या फडक्यानं स्क्रीन पुसून बघितला त्यानं, खोटं नाही सांगत. मग एका सकाळी आमच्याच साइटवर आमचंच सुयांचं पाकीट त्यानं स्वतःच्या कार्डानं विकत घेतलं. शून्य गेलं. एक सुई काढून कॉलरीत टोचली आणि उरलेलं पाकीट खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज.

"भाऊजी, या प्रत्येक पाकिटावर कंपनी दलाली कापते," मी एकदा म्हटलं.

"बाबांची रीत आहे."

"बाबांच्या गल्ल्यात दलाल बसला नव्हता."

"तू तुझे फोटो काढ."

काढले. माझं काय जातंय, म्हटलं.

आणि ऐन हंगामात, मागण्यांचा पाऊस पडत असताना, पैसे यायचे थांबले. विक्री दिसते, गिऱ्हाइकाच्या कार्डातून पैसे गेलेले दिसतात, आमच्या खात्यात दमडी नाही. स्क्रीनवर लाल पट्टी: तुमचं खातं तपासणीखाली आहे. टायवाल्याला फोन लावला तर तो म्हणे आता दुसऱ्या कंपनीत आहे. कंपनीच्या नंबरवर यंत्र बोलायचं, एक दाबा, दोन दाबा, आभारी आहोत. पक्कड त्या यंत्राला सांगत होता, "अहो, ऐकून तरी घ्या, आमचं पस्तीस वर्षांचं दुकान आहे." यंत्र म्हणालं, पुन्हा एक दाबा.

मला हसू आलं होतं का? आलं होतं. पण फार टिकलं नाही. कारण शटल बनवणारा कारखानदार महिनाअखेरीला पैसे मागत होता. असली जुनी शटल आता तो एकटाच बनवतो. त्यानं साफ सांगितलं, पैसे आले नाहीत तर साचे मोडीत घालतो, मलाही आता होत नाही. साचे गेले की आमचं निम्मं दुकान गेलं. पक्कडचं गेलं असतं तर मी पेढे... जाऊ दे. पण ते दुकान माझंही होतं, कागदावर नसलं तरी.

शेवटी कंपनीची मेल आली. मीच मोठ्यानं वाचून दाखवली. एकाच कार्डावरून, रोज सकाळी, ठरलेल्या वेळी, लहानशी खरेदी. चोरलेलं कार्ड चालतं की नाही हे तपासायला चोर असंच करतात. पुढे चौकशीत दिसलं की कार्ड दुकानाच्या मालकाचंच. म्हणजे मालक स्वतःच्या दुकानातून स्वतःच खरेदी करून पैसे फिरवतो. अटींमध्ये याला सक्त मनाई होती. खातं कायमचं बंद. साठलेले पैसे सहा महिने अडकून राहतील. आणि मालकाचं नाव अशा लोकांच्या यादीत गेलं आहे, जी सगळ्या पेमेंट कंपन्या बघतात.

पक्कडनं कॉलरीतली सुई चाचपली. "मी माझ्या दुकानातून माझ्या पैशानं सुई घेतली," तो म्हणाला. "चोरी कुणाची केली?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी म्हटलं नाही, पण माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार.

आम्ही तिघं बँकेत गेलो, मॅडमकडे. तीच बँक, तोच अर्धा टक्का जास्त. मॅडमनी पक्कडचं नाव टाकून बघितलं आणि चष्मा काढला. "यादीत नाव आहे. मालकांमध्ये हे नाव असेल तोवर आम्हीच काय, कुणीच तुम्हाला गेटवे देणार नाही. किती वर्षं राहील सांगता येत नाही."

"आणि नाव नसेल तर?" मी विचारलं. मला विचारायलाच हवं होतं, मी विचारलं.

"नसेल तर चार दिवसांत देते. पण नुसतं कागदावर नको. खरोखर बाहेर पडावं लागेल. व्यवहार बघायचे नाहीत, सही नाही, गल्ल्यावर बसणं नाही. मी स्वतः येऊन बघेन."

पक्कड आधी भावाकडे, मग टेबलाकडे बघत होता. माझ्याकडे नाही. "बाबांनी मला बसवलं होतं तिथे," तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही. मॅडमना बिचाऱ्यांना त्याचं काय.

"मग मालक कोण राहील?" त्यांनी विचारलं.

आणि माझा नवरा, ज्याच्या तोंडातून वर्षानुवर्षं शब्द फुटला नाही, तो म्हणाला, "मी आहेच. आणि हिचं नाव लावा. सगळं हिनंच केलंय. मला मशीन उघडायला सांगा, ते करतो."

आत्ता! आत्ता बोलला! तेव्हा एक शब्द बोलला असता तर आम्ही इथे बसलोच नसतो. मला आनंद झाला आणि त्याचा गळाही धरावासा वाटला.

मॅडमनी कागद काढले. लिहिता लिहिता पक्कडला विचारलं, सगळ्यांना विचारतात तसंच, सरळ: "म्हणजे आता या दुकानात तुमचं काय आहे?"

हा प्रश्न माझा होता. दोन गिऱ्हाइकं आणि पार्सलवाल्यासमोर मला विचारलेला.

"काही नाही," पक्कड म्हणाला.

"मोठ्यानं सांगा, मला लिहायचंय."

"काही नाही."

सही केली. पेन परत करताना टोपण घट्ट लावलं, दोनदा दाबून. मला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? घरी येईपर्यंत मी मनात तेच दोन शब्द घोळवत होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. याचा पीळ मी माझ्या डोळ्यांनी सुटताना बघितला.

गेटवे सुरू झाला. कारखानदाराला अर्धे पैसे दिले, साचे वाचले. मी गल्ल्यावर बसले. खुर्चीला त्याच्या अंगाचा खोलगट खड्डा पडला होता, मी उशी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्कड आला. काउंटरची उचलायची फळी असते, तिच्यावर त्याचा हात सवयीनं गेला. मग त्यानं तो काढून घेतला आणि बाहेरच, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभा राहिला. काचेवर नाणं ठेवलं.

"सोळा नंबर. एक."

मी त्याच्याकडे बघितलं. "सुटी मिळत नाही, भाऊजी. पाकीट घ्यावं लागेल."

पडद्यामागचं ठोकणं थांबलं. पक्कडनं वाद घातला नाही. खिशात हात घालून पाकिटाचे पूर्ण पैसे मोजून ठेवले. मी पावती दिली. त्यानं एक सुई काढून कॉलरीत टोचली, उरलेलं पाकीट माझ्याकडे सरकवलं. "असू दे. ती म्हातारी येते ना, सुटी मागायला. तिला यातली देत जा."

मी अशी भडकले! "हे शहाणपण आधी नाही सुचलं? त्या बाईला इतकी वर्षं हात हलवत परत पाठवताना?"

तो पायरी उतरत होता. मागे न बघता म्हणाला, "तेव्हा दुकान माझं होतं."

गेला. पुन्हा आला नाही. घरी जेवायला बसतो, आपल्या अर्ध्या कपाकडे बघत चहा पितो, दुकानाचा विषय काढत नाही. नवरा म्हणतो, तू एक सुई दिली असतीस तर काय बिघडलं असतं. मी म्हणते, याचं उत्तर तुझ्या भावाला विचार.

परवा सकाळी संगणक लावला. आजची विक्री शून्य. मालाचे पैसे द्यायचे होते, पार्सलवाल्यानं दर वाढवले होते, दोन मागण्या रद्द झाल्या होत्या. मी त्या शून्याकडे बघत आकडे जुळवत होते, तेवढ्यात पायरीवर कुणीतरी आलं. मावशी.

"एक सुई दे गं बाई. मोडली."

"सुटी मिळत नाही," मी म्हटलं. मान वर न करता. "पाकीट घ्यावं लागेल."

मी वर बघितलं तेव्हा त्या मला नीट न्याहाळत होत्या, पायापासून डोक्यापर्यंत.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "मालकीण झालीस वाटतं."

पक्कडचं पाकीट माझ्या कोपराखालीच होतं.